सुपरहिरो विरुद्ध व्हँपायर: दोन लॅपटॉपवर ॲनिमेशनपट करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव आणि खानापूरच्या पाच विद्यार्थ्यांना टूडी ॲनिमेशनमध्ये सात मिनिटांची फिल्म करायची आहे. मुखवटा घातलेला नायक, खानापूरच्या जंगलात जागा झालेला व्हँपायर आणि दोघांची झुंज. हाताशी दोन लॅपटॉप, एक पेन टॅबलेट आणि चार महिने. फिल्म गल्लीतल्या गणपतीत दाखवायची, म्हणजे समोर लहान मुलंही बसणार. चाचणीचा पहिला तुकडा प्रोजेक्टरवर नुसता काळा दिसला. शिवाय रक्त किती दाखवावं आणि कन्नड आवाज कसा बसवावा, हेही विचारलं आहे.

काळा पडदा हा तंत्राचा प्रश्न आहे, तो सुटतो. पण तुम्ही पाठवलेल्या कथेत त्याहून मोठी अडचण आहे. तुमचा व्हँपायर नेमका कशाने मरतो हे कथेत कुठेच ठरलेलं नाही. शेवटी नायक त्याला जोराने मारतो आणि तो मरतो. असं असेल तर तो व्हँपायर राहतच नाही, नुसता सुळेवाला गुंड उरतो. सुपरहिरोची गोष्ट ताकदीवर चालते, व्हँपायरची नियमांवर. दोन्ही एकत्र आणायच्या तर नायकाची ताकद आधी निकामी ठरली पाहिजे आणि मग त्याने नियम शोधून काढला पाहिजे. चित्र, रंग, मारामारी, आवाज हे सगळं त्या नियमातून निघतं. म्हणून पहिला आठवडा फक्त नियमांना द्या.

व्हँपायरचे प्रचलित नियम भरपूर आहेत: उन्हात जळतो, आरशात दिसत नाही, बोलावल्याशिवाय घरात येऊ शकत नाही, स्वतःच्या मातीत झोपतो. सगळे घेऊ नका, तीन घ्या. हे नियम दगडावरची रेघही नाहीत. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. उन्हाने मरणारा व्हँपायर रूढ झाला तो १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून. म्हणजे नियम बदलायची मुभा तुम्हालाही आहे. अट एकच, पहिल्या मिनिटात दाखवलेला नियम शेवटच्या मिनिटात मोडायचा नाही.

या जोडीचा सगळ्यांत माहितीचा ॲनिमेशनपट म्हणजे २००५ चा 'द बॅटमॅन व्हर्सेस ड्रॅक्युला'. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, ड्रॅक्युलाने चावलेली माणसं औषधाने बरी होऊ शकतात. जीव न घेण्याचं व्रत असलेला नायक त्यामुळेच त्यांच्याशी लढू शकतो. तुमच्या कथेत चावलेला गावकरी कायमचा राक्षस होतो आणि नायक त्याला दरीत ढकलतो. तिथे नायक प्रेक्षकांच्या मनातून उतरेल. बरं होण्याची वाट ठेवाच. दुसरं, तिथे ड्रॅक्युलाचा शेवट होतो तो सूर्यप्रकाश साठवणाऱ्या यंत्राने. मुठीने नाही, नियमाने.

नायक मात्र तुमचा स्वतःचा हवा. ड्रॅक्युला वापरायला मोकळा आहे, कारण स्टोकर १९१२ मध्ये वारला आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. एखाद्या सिनेमातला त्याचा विशिष्ट चेहरा आणि पोशाख मात्र उचलू नका. वटवाघळाचं चिन्ह छातीवर लावलेला नायक तर अजिबात नको.

व्हँपायरऐवजी वेताळ घ्यावा का, असं तुमच्यातल्या एकाने विचारलं आहे. घेऊ नका. वेताळ रक्त पिणारा नाही. कथासरित्सागरातला वेताळ प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो, आणि आपल्याला लागून असलेल्या कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. त्याची पूजा होते. त्याला खलनायक केलंत तर मांडवातली कितीतरी माणसं दुखावतील, आणि त्यांचं दुखावणं रास्त असेल. तशीच काळजी शस्त्रांची घ्या. क्रूस, अंगारा, ताईत, कुठल्याही धर्माची वस्तू हत्यार म्हणून नको.

वटवाघळांबद्दलही एक सांगायचं आहे. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या अमेरिका खंडातल्या, मेक्सिकोपासून खाली. आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत राहतं ते रॉटनचं वटवाघूळ. १९१३ मध्ये शास्त्राने त्याची नोंद केली, आणि कितीतरी वर्षं जगात त्याची ज्ञात वसाहत ही एकच होती. ते किडे खातं, माणसाच्या वाटेला जात नाही. कथेत त्या गुहेचं नाव घेऊन तिथून व्हँपायर बाहेर काढू नका. फिल्म चालली तर पोरं काठ्या घेऊन गुहेकडे जातील. संदर्भासाठी आत शिरायचीही गरज नाही, ते संरक्षित जंगल आहे. उडण्याचा अभ्यास गावातल्या वडा-पिंपळावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांवरून होतो. तिन्हीसांजेला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पंख खाली येताना पूर्ण पसरलेला असतो, वर जाताना कोपरातून मिटतो. पक्ष्यासारखा ताठ पंख काढला की वटवाघळाचा कावळा होतो. फिल्मच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं असतात. मोठ्या वटवाघळाला एका फडफडीला ८ फ्रेम पुरतात, म्हणजे सेकंदाला ३ ठोके.

आता तुमच्याकडे आहे आणि दुसऱ्या कुणाकडे नाही अशी एक गोष्ट: पाऊस. 'थेट ऊन पडलं तरच जळतो' हा नियम धरा आणि गोष्ट आषाढ-श्रावणात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला घडवा. तिथे सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही. म्हणजे तुमचा व्हँपायर भर दुपारी रस्त्यावर चालू शकतो, आणि ही भीती परदेशातल्या कुठल्याही किल्ल्यात मिळणार नाही. नायकाचं हत्यार ऊन आहे, पण ऊनच नाही. ढग क्षणभर फाटतात, तेवढ्यात ते ऊन पकडायचं आणि वळवायचं. चकचकीत घासलेली तांब्याची परात त्याला पुरे. मात्र पहिल्या मिनिटातच एकदा ढग फाटून तीन सेकंद ऊन पडलेलं दाखवा आणि व्हँपायरला वळचणीला पळू द्या. ते पेरलं नाही तर शेवट फुकट मिळाल्यासारखा वाटेल.

वेळेचा हिशेब. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, २४ च्या गतीने १०,०८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ५,०४० चित्रं. कॉलेज सांभाळून एक जण आठवड्याला ७० पूर्ण चित्रं काढू शकतो, म्हणजे साधारण ६ सेकंदांची हालचाल. चार महिन्यांत प्रत्यक्ष ॲनिमेशनला सहा आठवडेच मिळतात. चित्र काढणारे दोघे असतील तर ८४० चित्रं, म्हणजे पूर्ण हालचालीचे ७० सेकंद. सात मिनिटांचा नाद सोडा, चार मिनिटं करा. २४० सेकंदांपैकी ७० पूर्ण हालचालीचे, ९० सेकंद नुसतं तोंड, डोळे, केस किंवा कापड हलणारे, आणि उरलेले ८० स्थिर चित्रावर सरकणारा कॅमेरा, पाऊस आणि धुकं. भयपटाला हा तोटा नाही. न हलणारा व्हँपायर हलणाऱ्यापेक्षा जास्त भीती घालतो, फक्त त्याची पापणी लवू देऊ नका.

आठवडे असे पडतात: नियम आणि कथा दोन, स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं) आणि ॲनिमॅटिक तीन, पात्रं आणि रंग दोन, ॲनिमेशन सहा, जोडणी दोन, आवाज एक. ॲनिमॅटिक म्हणजे कच्ची चित्रं कच्च्या आवाजावर बसवलेली पूर्ण चार मिनिटं. ते बघून कंटाळा येत असेल तर पुढे रंगवूनही कंटाळाच येणार, म्हणून कापाकापी तिथेच करा. चार मिनिटांत ६० च्या आसपास शॉट होतात, त्यांना १८ ते २० पार्श्वभूमी पुरतात. कॅमेरा सरकणार असेल तिथे पार्श्वभूमी २८८० बाय १६२० ची रंगवा, म्हणजे १९२० बाय १०८० च्या चौकटीला फिरायला जागा राहते. क्रिता आणि ओपनटून्झ ही ॲनिमेशनची दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. पाचही जणांनी एकच काय ते वापरा. अर्धं इथे अर्धं तिथे केलंत की रेघेची जाडी जुळत नाही.

आता काळा पडदा. तुमच्या तुकड्यात तीन वेगवेगळे दोष एकावर एक बसले आहेत.

पहिला निर्यातीचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधून व्हिडिओची फाइल बाहेर काढण्याचा. व्हिडिओमध्ये उजेडाच्या पातळ्या ० ते २५५ अशा पूर्ण किंवा १६ ते २३५ अशा मर्यादित लिहिता येतात. फाइल पूर्ण पातळीची आणि प्लेअरने ती मर्यादित समजली, तर १६ च्या खालचं सगळं एकजात काळं होतं. तुमची झाडं १० ते १४ च्या दरम्यान रंगवलेली आहेत, ती तिथेच गेली. निर्यातीत मर्यादित, म्हणजे व्हिडिओ पातळी निवडा.

दुसरा मांडवाचा. मांडवात पूर्ण अंधार कधीच नसतो. आरासीची रोषणाई, रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या दुकानाची ट्यूब यांचा उजेड पडद्यावर पडतो, आणि प्रोजेक्टरला त्याहून काळं काही दाखवता येत नाही. लॅपटॉपवर दिसणारे गडद रंगांचे दहा थर तिथे दोन होतात. म्हणून कथेला लागणारी कुठलीच गोष्ट ४० च्या खाली रंगवायची नाही. रात्रीचं आकाश (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) ३०, ४८, ७२ च्या आसपास ठेवा, जवळची झाडं त्याहून गडद, नायकाचा अंगरखा ७०, ९०, १०५, आणि त्याच्या कडेला ३ पिक्सेलची फिकट रेघ. शुद्ध काळा एकाच जागी वापरा, व्हँपायरच्या झग्याच्या आत. तोच सर्वत्र सांडला तर व्हँपायर कुठे आहे ते कळायचं नाही. बॅटमॅनच्या १९९२ च्या दूरदर्शन मालिकेत पार्श्वभूमी काळ्या कागदावर फिकट रंगाने रंगवत. तुम्हीही तसंच करा: गडद थर आधी, मग फक्त उजेड जिथे पडतो ती जागा रंगवायची.

तिसरा रंगांचा. डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७. तुमचं चांदणं शुद्ध निळं आहे, म्हणजे उजेड जवळपास नाहीच. त्यात हिरवा मिसळा. व्हँपायरचे लाल डोळेही लॅपटॉपवर पेटल्यासारखे दिसतात आणि पडद्यावर विझतात. बुबुळाच्या मध्यभागी पिवळसर पांढरा ठिपका आणि भोवती लाल, असं केलं की शेवटच्या रांगेतूनही दिसतात. प्रत्येक शॉट एकदा रंग काढून करड्यात बघा. नायक, व्हँपायर आणि मागचं रान असे तीन थर वेगळे दिसले नाहीत तर तो शॉट परत रंगवायचा.

इथे धुकं फार मदत करतं. व्हँपायरच्या मागे फिकट धुक्याचा पट्टा ठेवला की त्याची आकृती आपोआप उठून दिसते, आणि वीस झाडांच्या जागी चार झाडं काढून भागतं. मात्र धुक्याच्या हळूहळू फिक्या होत जाणाऱ्या रंगात पट्टे पडतात. त्यावर एक-दोन टक्के बारीक कण घाला, पट्टे जातात.

पावसाचे तीन थर करा: जवळचा जाड, मधला, लांबचा बारीक. तिन्ही आठ-आठ चित्रांचे केले तर ते बरोबर एका वेळी फिरतात आणि पाऊस उचकी लागल्यासारखा दिसतो. थर ७, ९ आणि ११ चित्रांचे करा. पावसाचं चित्र दर फ्रेमला बदललं, की तीच जुळणी ६९३ फ्रेमनंतर, म्हणजे जवळपास २९ सेकंदांनी परत येते, कुणाच्या लक्षात येत नाही. वीज चमकवताना सेकंदाला तीनपेक्षा जास्त झोत नकोत. लखलखाटाने फिट येणारी मुलं असतात, आणि हा नियम कुठल्याही परिणामासाठी मोडायचा नाही.

मारामारीत तुम्ही दोघांनाही झगा दिला आहे, आणि अंधारात दोन झगे म्हणजे एकच डाग. दोन्ही पात्रं पूर्ण काळी भरून शेजारी ठेवा. कोण कुठला हे लगेच सांगता आलं पाहिजे. व्हँपायर उंच, सरळ, पाय झाकलेला. यात कामही वाचतं, कारण चालण्याची चित्रं लागत नाहीत, तो सरकतो. नायक रुंद खांद्यांचा, घोंगड्याची खोळ घेतलेला करा. पावसाला ती शोभते आणि तिचा त्रिकोणी आकार दुसऱ्या कुणाचा नाही.

पहिल्या ठोशात नियम दिसला पाहिजे. फ्रेम १ ते ६ नायक हात मागे खेचतो. ७ आणि ८ ठोसा, त्यातलं एक चित्र लांबलचक फरकाटलेलं. ९ ते १२ मूठ गालावर, सगळं स्थिर. साधा माणूस असता तर १३ पासून त्याची मान फिरली असती आणि ८ फ्रेम तो मागे गेला असता. इथे मान हलत नाही. १३ ते १८ मध्ये हलतो फक्त झग्याचा काठ, आणि नायकाचंच मनगट दुमडतं. मग १२ फ्रेम पूर्ण शांतता, पाऊससुद्धा बंद. त्यानंतर व्हँपायर सावकाश डोळे फिरवतो. एवढ्यात प्रेक्षकाला कळतं की मुठीचं काम संपलं. व्हँपायरची कुठलीही हालचाल तयारीशिवाय करा: ३० फ्रेम स्तब्ध, आणि मग २ फ्रेममध्ये चौकटीच्या दुसऱ्या टोकाला. नायकाला मात्र प्रत्येक वेळी वजन, दम आणि घसरण द्या. तुमच्या चाचणीत दोघेही एकाच मापाने हलतात, म्हणून ती कुस्ती वाटते.

रक्त दाखवू नका. मुलं समोर आहेत म्हणून तर खरंच, पण न दाखवलेलं जास्त टोचतं म्हणूनही. चावा भिंतीवरच्या सावलीत, ८ फ्रेम, आणि लगेच गावकऱ्याच्या चेहऱ्यावर या. त्याच्या कातडीचे चार रंग आधीच ठरवा, नेहमीच्या तांबूस सावळ्यापासून राखाडी हिरवटपर्यंत, आणि दोन सेकंदांत एकातून दुसऱ्यात विरघळवा. ओठ सगळ्यांत शेवटी बदला. बरा होतो तेव्हा हेच रंग उलट्या क्रमाने, आणि आधी ओठ.

आवाजात पंखांसाठी जुनी छत्री झटकन उघडा-मिटा, ओल्या रानातल्या पावलांसाठी भिजलेलं गोणपाट तुडवा. पत्र्याखाली पाऊस ध्वनिमुद्रित करू नका, ती सलग घरघर सगळे संवाद गिळते. संवाद वजा १२ ते वजा ६ डेसिबलमध्ये आणि पाऊस त्याच्या खाली १८ ते २०. शेवटचं मिश्रण मोनोत ऐका, कारण मंडळाच्या बहुतेक स्पीकरांवर दोन्ही बाजूंना एकच आवाज जातो. व्हँपायरचा आवाज खाली उतरवून घुमवू नका, मांडवात शब्द कळणार नाहीत. त्याला पुस्तकी मराठी द्या आणि नायकाला आपली. 'आपण कुठे निघालात?' याला 'तू कुठं चाललास गा?' हे उत्तर आलं की दोघांमधला फरक आवाजातूनच कळतो.

कन्नड आवाजासाठी तोंडाची चित्रं आधीच त्या बेताने करा. मराठीत घर, हात, दार असे शब्द व्यंजनावर संपतात आणि तोंड मिटत येतं. कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतात, मने, कै, बागिलु. मराठीवर बसवलेलं तोंड कन्नडमध्ये दर वाक्याच्या शेवटी लवकर मिटलेलं दिसतं. म्हणून वाक्याचं शेवटचं चित्र अर्धं उघडं ठेवा आणि ४ फ्रेम जास्त धरा. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटलेच पाहिजेत, बाकी सात आकारांत भागतं. ट, ठ, ळ समोरून दिसतच नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी उघडलं तर बरोबर वाटतं, नंतर उघडलं तर लगेच खटकतं. लांब संवाद पाठमोरे किंवा खोळीच्या सावलीत ठेवा, म्हणजे दोन्ही भाषांत ते पुन्हा काढावे लागत नाहीत.

फाइल एच २६४ या व्हिडिओ प्रकारात, सेकंदाला २० मेगाबिटवर काढा. चार मिनिटांचे साधारण ६०० एमबी होतात. याहून कमी केलंत तर पाऊस चौकोनी ठोकळ्यांत फुटतो. व्हॉट्सॲपवरून मंडळाकडे पाठवू नका, पेनड्राइव्हवरच न्या, मराठी आणि कन्नड अशा दोन वेगळ्या फाइली करून. रात्री दहानंतर स्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा आठची वेळ मागून घ्या. आधी मोबाइलचा उजेड ३० टक्क्यांवर आणून दिवसा अंगणात फिल्म बघा. तिथे व्हँपायरचे डोळे आणि परातीवरचं ऊन दिसलं तर मांडवातही दिसेल. मग आदल्या संध्याकाळी त्याच पडद्यावर, त्याच प्रोजेक्टरवर, रोषणाई चालू ठेवून एकदा लावा. पडद्याच्या बाजूची माळ बंद ठेवता येते का, तेही तेव्हाच विचारून घ्या.